न मोजलेल्या उष्णतेचा हिशोब

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. रसायनशास्त्राशी माझा संबंध विद्यार्थीदशेतच संपला होता आणि बी.एड.लाही माझे विषय भाषेचेच होते. त्यामुळे गेल्या वर्षी भाचीने अकरावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक माझ्यापुढे उघडून ठेवलं, तेव्हा मी आधी चष्मा पुसण्यात थोडा वेळ काढला.

भाची दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. गणित आणि विज्ञान दोन्ही चांगलं. अकरावी सायन्सला प्रवेश घेतला आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचं सगळं शिक्षण इंग्रजी झालं. ज्या गोष्टी तिला येत होत्या त्यांची नावंच बदलली. चार-पाच महिने तिने रेटून नेलं आणि मग एक दिवस घरात सांगून टाकलं की सायन्स सोडायचं, आर्ट्सला जायचं. बहिणीने तिला माझ्याकडे पाठवलं, कारण घराण्यात मास्तर म्हणून मी एकटाच. तिच्या दप्तरात कॉलेजचा दाखला काढण्याचा अर्ज होता. सगळा भरलेला, फक्त पालकाच्या सहीची जागा कोरी.

मी तिला म्हटलं, अर्ज राहू दे, आधी काय येत नाही ते दाखव. तिने एका पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मामू, इथे लिहिलंय की कार्बनपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतानाची उष्णता थेट मोजता येत नाही. आणि खालच्याच ओळीत आकडा दिलाय, उणे ११०.५. जे मोजताच येत नाही, ते यांना कळलं कसं?"

हा प्रश्न पडणाऱ्या मुलीने सायन्स सोडावं, हे मला काही पटेना. पण उत्तर मलाही येत नव्हतं. "आठ दिवस दे," म्हणालो. आठाचे वीस झाले. त्या वीस दिवसांत जे वाचलं आणि आम्ही दोघांनी मिळून जे करून पाहिलं, ते इथे मांडतो आहे.

सुरुवात युरोपातून करायला हवी, पण मला पहिला धागा सापडला तो माझ्या ओळखीच्या पुस्तकात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज़लने 'आईन-ए-अकबरी' लिहिली. त्यात बादशाहाच्या आबदारखान्याचं, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या व्यवस्थेचं, वर्णन आहे. पाणी गार करायला शोरा वापरत. एक शेर पाणी जस्त-कथलाच्या किंवा चांदीच्या सुरईत भरून तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर शोरा टाकायचा आणि त्या मिश्रणात ती सुरई पाव तास फिरवायची. आतलं पाणी गार होतं. अबुल फज़लला यातली गंमत नेमकी कळली होती. बंदुकीच्या दारूत जो शोरा आग ओकतो, तोच इथे पाणी गार करतो, याची तो आवर्जून नोंद करतो.

हकीम लोक वस्तूंचा मिज़ाज सांगतात. ही गरम, ती सर्द. आपल्या घरांतही खजूर गरम आणि काकडी थंड असते. मग शोऱ्याचा मिज़ाज कोणता? कोळसा आणि गंधकाबरोबर पेटवला तर भयंकर गरम, पाण्यात विरघळवला तर थंड. या कोड्याचं रसायनशास्त्राने पुढे दिलेलं उत्तर असं, की वस्तूला मिज़ाज विचारू नका, ती कशातून कशात बदलते आहे ते विचारा. उष्णतेचा हिशोब वस्तूचा नसतो, बदलाचा असतो. आज आपण ज्याला प्रक्रियेतला एन्थाल्पी-बदल म्हणतो आणि पुस्तकात 'डेल्टा एच' असं लिहितो, त्यातलं 'डेल्टा' हे अक्षर फक्त एवढंच सांगतं: फरक. शेवटी किती आहे, उणे सुरुवातीला किती होतं.

हा फरक मोजायचा कसा, हे अठराव्या शतकाने शिकवलं. ग्लासगोला जोसेफ ब्लॅक हा प्राध्यापक १७६०च्या सुमारास बर्फ वितळण्याचा अभ्यास करत होता. बर्फाला उष्णता देत राहिलं तरी सगळं वितळेपर्यंत तापमान वाढत नाही, हे त्याने दाखवलं. म्हणजे तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी. तापमापी स्थिर उभी असतानाही उष्णता आत जात असू शकते. ठरावीक वजनाचा बर्फ वितळायला ठरावीक उष्णता लागते, हे एकदा कळल्यावर बर्फ हाच उष्णतेचा तराजू होऊ शकत होता.

तो तराजू पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३च्या हिवाळ्यात उभा केला. भांड्यात भांडं, त्यात आणखी एक भांडं. सर्वांत आत प्रक्रिया घडवायची, तिच्याभोवती बर्फ, आणि त्याच्याही बाहेर बर्फाचा आणखी एक थर, खोलीची उष्णता अडवायला. आतल्या बर्फाचं जे पाणी होईल ते खाली गोळा करून वजन करायचं. जितकं पाणी, तितकी उष्णता. त्यांनी त्यात कोळसा जाळला, फॉस्फरस जाळला, आणि एक गिनिपिगही दहा तास बसवला. त्याच्या अंगच्या उबेने सुमारे १३ औंस बर्फ वितळला. प्राण्याचा श्वास म्हणजे संथ ज्वलन, या निष्कर्षाकडे ते अशा रीतीने पोहोचले.

आमच्या गोष्टीच्या दृष्टीने त्यांचं दुसरं एक विधान जास्त महत्त्वाचं. एखादं संयुग बनताना जितकी उष्णता बाहेर पडते, तितकीच ते मोडताना द्यावी लागते. व्यापाऱ्याच्या भाषेत, जमा आणि नावे यांचा आकडा एकच, फक्त चिन्ह उलटं. भाचीला पुस्तकातली अधिक-उणेची चिन्हं कळत नव्हती, ती इथे कळली. उष्णता बाहेर गेली की उणे, आत आली की अधिक. खातं प्रक्रियेचं आहे, आपलं नाही. शेगडीपाशी आपल्याला ऊब मिळाली म्हणजे कोळशाच्या खात्यातून खर्च पडला.

लाव्हाझिएला पुढचं काम करायला मिळालं नाही. राजासाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीत तो भागीदार होता. क्रांतीनंतर १७९४ साली त्याचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला.

इथून पुढची पायरी चढली ती एका स्थलांतरिताच्या मुलाने. जर्मेन हेन्री हेस याचा जन्म १८०२ साली जिनिव्हात झाला. वडील चित्रकार. हेस लहान असतानाच ते रशियात एका श्रीमंत घरी मुलांना शिकवायला म्हणून गेले आणि कुटुंबही तिकडे गेलं. मुलगा रशियाच्या साम्राज्यातच वाढला. दोर्पात इथे, म्हणजे आज एस्टोनियात असलेल्या तार्तू शहरात, त्याने वैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि १८२५ साली डॉक्टर झाला. त्यानंतर थोडे दिवस स्टॉकहोमला बर्झेलियस या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाकडे राहिला. मग सायबेरियातल्या इर्कुत्स्कला डॉक्टरी केली आणि १८३०पासून सेंट पीटर्सबर्गमध्ये विज्ञान अकादमीत आणि अध्यापनात स्थिरावला.

हेसचं मोठं काम दिसायला अगदी साधं होतं. गंधकाम्लात पाणी मिसळलं की उष्णता निघते. तेच आम्ल अमोनियाने उदासीन केलं तरी उष्णता निघते. त्याने दोन्ही मोजल्या. एकदा आम्ल पाणी न घालता थेट अमोनियाशी जुळवलं. पुढे दर वेळी आधी कमी-जास्त पाणी घालून पाहिलं आणि मग अमोनिया. त्याच्या काळच्या एककांतले आकडे असे आहेत. थेट वाटेने ५९५.८. थोडं पाणी घातल्यावर पाण्याचे ७७.८ आणि अमोनियाचे ५१८.९, बेरीज ५९६.७. आणखी पाणी घातल्यावर ११६.७ आणि ४८०.५, बेरीज ५९७.२. त्याहून अधिक पाणी घातल्यावर १५५.६ आणि ४४६.२, बेरीज ६०१.८.

हे आकडे मी भाचीला वहीत एकाखाली एक लिहायला लावले. "काय दिसतं?" म्हणून विचारलं. तिने आधी मधले आकडे पाहिले आणि म्हणाली की सगळे वेगळे आहेत. मग शेवटचा रकाना पाहिला. बेरजेत फार तर शंभरात एकाचा फरक. पाण्यात जितकी जास्त उष्णता निघून गेली, तितकीच अमोनियाच्या वेळी कमी निघाली. वाटेत कितीही टप्पे घ्या, एकूण उष्णता तीच.

१८४० साली हेसने हा नियम मांडला. त्या वेळी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अजून कोणी मांडलेला नव्हता. मायरचा लेख १८४२चा, ज्यूलचे प्रयोग १८४३चे, हेल्महोल्ट्झचा निबंध १८४७चा. उष्णता म्हणजे एक प्रकारचा अदृश्य द्रव आहे, ही समजूत तोवर बऱ्याच लोकांची होती. म्हणजे उष्णता नेमकी काय आहे हे ठरायच्या आधीच तिचा हिशोब एका माणसाने बिनचूक जुळवला होता. आपल्या गल्लीतला वाणीही अर्थशास्त्र शिकलेला नसतो, पण त्याची वही जुळते.

मी भाचीला समजावलं ते देवगिरीच्या किल्ल्यावरून. शाळेच्या सहलीत ती तिथे जाऊन आली आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तू अंधारी भुयारातून जा, थांबत थांबत जा, नाहीतर वाटेत खाली उतरून पुन्हा चढ. पायथा आणि माथा यांच्या उंचीतला फरक बदलत नाही. एन्थाल्पी ही तशी उंची आहे. सुरुवातीचे पदार्थ म्हणजे पायथा, शेवटचे पदार्थ म्हणजे माथा.

आता तिचा मूळ प्रश्न. कोळसा जाळून त्याचा कार्बन मोनॉक्साइड करायचा तर ऑक्सिजन कमी द्यावा लागतो. पण कमी दिला तरी सगळा कोळसा शहाण्यासारखा मोनॉक्साइडवर थांबत नाही. काही पुढे जाऊन डायऑक्साइड होतो, काही तसाच राहतो. निघालेल्या उष्णतेतली किती कोणाची, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून थेट मोजणं अशक्य.

पण दोन गोष्टी नीट मोजता येतात. कोळसा भरपूर ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळला तर १२ ग्रॅम कार्बनमागे, म्हणजे एका मोलमागे, ३९३.५ किलोज्यूल उष्णता निघते. आणि तयार कार्बन मोनॉक्साइड वायू घेऊन तो जाळला तर एका मोलमागे २८३ किलोज्यूल निघते. दोन्हींचा शेवट एकच, कार्बन डायऑक्साइड. म्हणजे कार्बनपासून डायऑक्साइडपर्यंत एक थेट वाट आहे आणि दुसरी मोनॉक्साइडच्या मुक्कामावरून जाणारी. दोन्ही वाटांची बेरीज एकच असायला हवी. पूर्ण वाट ३९३.५, दुसरा टप्पा २८३. मग पहिला टप्पा किती? चौथीतल्या मुलाला येईल अशी वजाबाकी: ११०.५. उष्णता बाहेर जाते म्हणून उणे.

भाचीने वजाबाकी केली आणि थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बस, इतकंच?" इतकंच. जिथे तापमापी पोहोचत नाही तिथे हिशोब पोहोचतो, पण आजूबाजूच्या दोन गोष्टी कोणीतरी इमानाने मोजलेल्या असाव्या लागतात.

मला हे सारं वाचताना आमच्या नानीची शेगडी आठवली. घरात बाळंतीण असली की तिच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवत. नानी कोळसे आधी अंगणात फुलवायची. काळे कोळसे, त्यांच्यावर नाचणाऱ्या निळ्या ज्वाळा. त्या निळ्या ज्वाळा विझून कोळसे लाल होईपर्यंत ती शेगडी आत नेऊ देत नसे, आणि आत नेल्यावरही दार सताड उघडं नाही पण किलकिलं ठेवायला लावायची. नज़र आत येईल म्हणून दार बंद करा, असं म्हणणाऱ्या बायकांचं तिने ऐकलं नाही. "कोयला सर को चढ़ता है," एवढंच ती म्हणायची. ती निळी ज्वाळा म्हणजे कोळशातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड हवेत जळत असतो, हेसच्या वाटेवरचा दुसरा टप्पा. ज्वाळा विझली म्हणजे धोका टळला असं मात्र नाही. बंद खोलीत लाल निखाऱ्यांतूनही तो वायू निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. आजही थंडीत शेगडी घेऊन दारं-खिडक्या लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या येतात. नानीने एन्थाल्पी मोजली नव्हती, पण दार तिने बरोबर उघडं ठेवलं होतं.

हेसनंतरची कहाणी थोडक्यात सांगतो. कोपनहेगनचा थॉमसन आणि पॅरिसचा बर्थेलो यांनी शेकडो प्रक्रियांची उष्णता मोजली. बर्थेलोने जाड पोलादी भांड्यात, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये पदार्थ जाळून उष्णता मोजण्याची पद्धत आणली. अन्नाच्या पाकिटावर जे कॅलरीचे आकडे असतात, त्यांचं मूळ अशाच भांड्यात आहे. उष्णता देणाऱ्या आणि उष्णता घेणाऱ्या प्रक्रियांना आज जी नावं आहेत, तीही बर्थेलोनेच रूढ केली. पण दोघांनी एक चूक केली. ज्या प्रक्रियेत जास्त उष्णता निघते तीच आपोआप घडते, असं त्यांनी मानलं.

ही चूक कशी, ते पाहायला आम्हाला प्रयोगशाळा लागली नाही. भाचीला घेऊन अत्ताराच्या दुकानात गेलो आणि नवसागर आणला, कल्हईवाला वापरतो तोच. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून तापमापी मागून घेतली. १०० ग्रॅम पाणी काचेच्या पेल्यात, तापमान २८ अंश. त्यात १० ग्रॅम नवसागर टाकून ढवळला. कोणी ढकललं नाही, पेटवलं नाही. आपोआप विरघळला आणि तापमान साडेबावीसवर उतरलं. उष्णता बाहेर पडली तर नाहीच, उलट त्याने पाण्यातली ओढून घेतली. अकबराच्या आबदारखान्यातला शोराही हेच करत होता. केवळ उष्णतेवरून प्रक्रियेची दिशा ठरत नाही. पसरण्याकडे, विखुरण्याकडे असलेला पदार्थांचा कलही त्यात मोजावा लागतो, हे पुढच्या पिढीने दाखवलं.

मग आम्ही गणित मांडलं. मिश्रण ११० ग्रॅम, पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८, तापमानातला फरक ५.५. गुणाकार सुमारे २५२९ ज्यूल, म्हणजे अडीच किलोज्यूल. नवसागराचा एक मोल साडेत्रेपन्न ग्रॅमचा, म्हणून १० ग्रॅम म्हणजे ०.१८७ मोल. भागाकार केला, एका मोलमागे साडेतेरा किलोज्यूल. पुस्तकातला आकडा पंधराच्या जवळपास आहे. भाचीचा चेहरा पडला. मी म्हटलं, दीड कुठे गेला ते शोध. तिने पेला हातात धरला आणि म्हणाली, पेलाही गार झालाय. त्याची उष्णता आपण धरलीच नाही. शिवाय खोलीतूनही थोडी आत आली असेल. लाव्हाझिएने बर्फाचा दुसरा थर का लावला होता, ते आता तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

'एन्थाल्पी' हा शब्द मात्र हेसला माहीत नव्हता. १८७०च्या दशकात अमेरिकेत विलर्ड गिब्ज़ने स्थिर दाबाखालच्या उष्णतेचा हिशोब ठेवणारी राशी गणिताने मांडली. तिला हे नाव दिलं हॉलंडच्या कामर्लिंग ओन्नेसने, ज्याने १९०८ साली हेलियमचा द्रव केला. शब्द ग्रीक मुळावरून आला आहे आणि त्याचा अर्थ साधारण 'आतून ऊब देणं' असा. माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला हे वाचून बरं वाटलं आणि थोडं वाईटही. इतका जिव्हाळ्याचा शब्द मुलांपुढे येतो तेव्हा तो केवळ घोकायची स्पेलिंग असतो.

आणि इथे हेसबद्दलची दुसरी गोष्ट सांगायला हवी. त्याच्या चरित्रात ती एका ओळीत येते, पण मला ती नियमाइतकीच मोठी वाटते. १८३१ साली, नियम मांडायच्या नऊ वर्षं आधी, त्याने 'शुद्ध रसायनशास्त्राची मूलतत्त्वे' अशा अर्थाच्या नावाचं पाठ्यपुस्तक लिहिलं, तेही रशियन भाषेत. त्याची स्वतःची जन्मभाषा ती नव्हती. त्या काळच्या विद्वानांची जर्मन आणि फ्रेंच त्याला येत होती, आणि संशोधनाचे लेख तो त्यांतच लिहीत असे. पण विद्यार्थ्यांसाठी तो विद्यार्थ्यांच्या भाषेत लिहायला बसला. रशियन रसायनशास्त्राची परिभाषा ठरवण्याच्या कामातही त्याचा हात होता. त्या पुस्तकाच्या सात आवृत्त्या निघाल्या आणि मेंडेलिव्हचं पुस्तक येईपर्यंत रशियातल्या पिढ्या त्यावर शिकल्या. परदेशात जन्मलेल्या माणसाने ज्या मुलांना शिकवायचं त्यांची ज़बान उचलली. मुलांना आपली ज़बान उचलायला लावली नाही.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकातच रसायनशास्त्रावर मराठीत पुस्तकं लिहिली. हैदराबादेत १९१७ साली दारुत्तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग निघाला आणि पाठोपाठ उस्मानिया विद्यापीठ, जिथे विज्ञानच नव्हे तर वैद्यक आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवलं गेलं. भाषांतर विभागाचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. कीमियाई प्रक्रियेला 'तआमुल', उष्णतामापीला 'हरारा-पैमा', ऊष्मागतिकीला 'हर-हरकियात' असे शब्द उर्दूत घडवले गेले. मी हे शब्द लहानपणी जुन्या पुस्तकांत पाहिले होते.

पण गौरव करताना अर्धी गोष्ट सांगू नये. निज़ामाच्या राज्यात सर्वाधिक लोकांची भाषा तेलुगू होती, मराठवाड्यात मराठी आणि काही जिल्ह्यांत कन्नड. जालन्याच्या किंवा परभणीच्या शेतकऱ्याच्या मुलाला उस्मानियातली उर्दू तितकीच परकी होती, जितकी आज माझ्या भाचीला इंग्रजी आहे. त्याचं दुखणं त्या वेळी कोणी फारसं विचारलं नाही. १९४८ नंतर उस्मानियातून उर्दू माध्यम गेलं आणि इंग्रजी आलं. माझ्या उर्दूवाल्या बुज़ुर्गांनी त्याबद्दल बरीच हळहळ व्यक्त केली आहे. ती खोटी नाही. पण मी उर्दूचाही शिक्षक आहे आणि मराठीचाही, म्हणून दोन्ही मुलांची बाजू मला सांगावी लागते.

हेसचा नियम सांगतो की वाट कोणतीही घ्या, एकूण बेरीज तीच. शिक्षणाबद्दलही आपण असंच बोलतो. माध्यम कोणतंही असो, हुशार मूल पोहोचतंच, असं पालकसभेत मी स्वतः कितीदा म्हटलं आहे. आता म्हणणार नाही. तो नियम कोळशाचा आहे, आम्लाचा आहे, नवसागराचा आहे. त्यांना वाट आठवत नाही. देवगिरीची उंची दोन्ही वाटांनी सारखीच भरते हे खरं, पण चढणाऱ्याचे पाय वाटेप्रमाणे दुखतात. कोणी अर्ध्यातून परत फिरतं आणि मग आपण म्हणतो, त्याला चढता येत नव्हतं. माझ्या वर्गातून गेलेल्या अशा मुली मला आठवतात. दहावीला विज्ञानात पंच्याऐंशी मार्क आणि बारावीच्या यादीत नावच नाही. त्यांच्या डोक्यात काही कमी नव्हतं. त्यांना तेच आकडे, तीच वजाबाकी एकदा घरच्या भाषेत कोणी सांगितली नाही, इतकंच.

याचा अर्थ इंग्रजी नको असा नाही. भाचीला पुढे इंग्रजीतच परीक्षा द्यायची आहे, आणि दिली पाहिजे. हेसही आपले लेख जर्मन-फ्रेंचमध्येच छापत होता. माझं म्हणणं एवढंच की समजण्याचा टप्पा आपल्या ज़बानीत व्हावा आणि मग दुसऱ्या ज़बानीचा टप्पा चढावा. मधला मुक्काम घेतल्याने बेरीज बिघडत नाही, हे तर हेसनेच सिद्ध केलं आहे.

आता दर रविवारी ती येते. मी तिला रसायनशास्त्र शिकवत नाही, मला येतच नाही. ती इंग्रजी वाक्य वाचते, आम्ही दोघं मिळून त्याचं उर्दू करतो, कधी मराठी, आणि वाक्य नीट बसलं की गणित ती स्वतः सोडवते. मागच्या रविवारी तिने विचारलं, "मामू, शेगडीतला कोळसा नुसता मोनॉक्साइडवर थांबला तर ११०.५च निघाले. मग उरलेले २८३ कुठे गेले?"

मी म्हटलं, तूच सांग. तिने वहीतल्या दोन वाटा पुन्हा काढल्या, बोटाने दुसरा टप्पा दाखवला आणि म्हणाली, "गेले नाहीत. त्या गॅसमध्येच आहेत. अजून निघायचे आहेत."

अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे. सहीची जागा अजून कोरी आहे आणि तिने तो परत मागितलेला नाही.